डचेसचे दोन डावे पाय

१

“ही माझी नाहीच!” वेड ब्रॅशिअर ओरडला आणि हातातला ब्रश टाकून दोन पावलं मागं सरला.

हॅमघरातले, म्हणजे मांड्या मुरवायच्या त्या खोलीतले सगळे त्याच्याकडे वळले. ऑगस्टची दुपार, वर तापलेला पत्रा, आणि डोक्याशी टांगलेल्या डुकराच्या बारा मांड्या. तालुक्याच्या शेतकी क्लबच्या बारा पोरांनी जानेवारीत त्यांना मीठ, साखर, मिरी चोळलं होतं, कागदात गुंडाळून जाळीच्या पिशवीत घातलं होतं आणि खुराची बाजू खाली करून टांगलं होतं. सात महिने त्या तिथं मुरत होत्या. आज पहिल्यांदाच जाळ्या उतरवून बुरशी घासायची, वजन करायचं आणि चार वाजता ट्रकमधून राज्याच्या जत्रेला न्यायचं असं ठरलं होतं. जाळ्या उतरल्या की माशी टपलेलीच असते, म्हणून दार घट्ट बंद. वारा म्हणाल तर नावालाही नाही.

“उन्हानं डोकं फिरलं काय रे तुझं?” त्याचा बाप डेनी म्हणाला. “नऊ नंबरचा बिल्ला आहे की तिच्यावर.”

“बिल्ला माझा आहे, मांडी माझी नाही. पप्पा, मी डचेसची उजवी इथं दिली आणि डावी मार्चमध्ये घरी नेली. वहीत चित्र काढलंय मी. ही बघा, ही डावी आहे.”

मांडी पालथी ठेवली की ती बुटासारखी दिसते आणि डावा बूट कुठला, उजवा कुठला हे सांगायला विद्वान लागत नाही. सगळ्यांनी टेबलावर मान वाकवून पाहिलं. डावी होती, शंकाच नको.

“आता डचेसला दोन डावे पाय होते असं तरी म्हणा,” वेड रडवेला होऊन म्हणाला. पंधरा वर्षांचं पोर ते. डचेस ही त्याची डुकरीण, तिला त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

हॉलिस पर्डम हे तालुक्याचे शेतकी अधिकारी, क्लबचे प्रमुख आणि कागदावर जीव टाकणारे गृहस्थ. त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला.

“यावर मला सही करायचीय,” ते म्हणाले, “की जानेवारीपासून प्रत्येक मांडी पोरांनी स्वतः मुरवलीय आणि ती आमच्या कुलपात होती. खोटी सही केली तर क्लब बुडाला. नाही केली तर बाराच्या बारा मांड्या इथंच राहतात.” त्यांनी घड्याळात पाहिलं. “दोन वाजलेत. हे उलगडेपर्यंत कुणीही हे दार उघडायचं नाही.”

आत सहा माणसं होती. बाकीची पोरं बाहेर झाडाखाली ट्रकची वाट बघत बसली होती. आणि कॉर्लिस लेडफर्डला आपल्या गळ्यातल्या दोरीचं ओझं एकाएकी जाणवलं. कुलपाच्या दोनच चाव्या. एक पर्डमच्या पट्ट्याला आणि दुसरी या दोरीत, कारण यंदा चावी सांभाळायचं काम तिच्याकडे होतं.

२

“आता सगळे माझ्याकडे का बघताय?” कॉर्लिसनं विचारलं.

“कारण तुझ्या गळ्यात चावी आहे, नेकलेस नाही,” ट्रेल ओक्ली म्हणाला.

ट्रेल तिच्याच वर्गातला. गेल्या वर्षी जत्रेत तो पहिला आला होता, कॉर्लिस अर्ध्या मार्कानं दुसरी. तेव्हापासून तो तिला ‘अर्धी’ म्हणून हाक मारायचा.

“मी कशाला वेडच्या मांडीला हात लावू?”

“वेडचं डुक्कर यंदा सगळ्यांत भारी होतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तुझं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी अठराची झालीस की क्लब संपला, मग बस कोंबड्यांच्या कारखान्यात पिसं उपटत. माणूस घाईला येतो, अर्धी.”

कॉर्लिसच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं, हेच तर वाईट. पहिल्या वर्षी तिची मांडी नासली, दुसऱ्या वर्षी परीक्षकांसमोर भाषणात तिची बोबडी वळली, तिसऱ्या वर्षी पाचवी, चौथ्या वर्षी दुसरी. यंदाची मांडी मात्र तिनं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. कारखान्यातली पाळी तर पुढच्या वर्षापर्यंतही थांबणार नव्हती, येत्या सोमवारीच सुरू होणार होती. जत्रेतले ते दोन दिवस तेवढे तिचे स्वतःचे होते.

“चावी कधी कुणाला दिली होतीस का गं?” पर्डमनी विचारलं. “नियम माहीत आहे ना? चावी दुसऱ्याच्या हातात गेली की त्या पोराचं नाव त्या वर्षापुरतं कटाप.”

कॉर्लिसनं गळ्यातली चावी मुठीत धरली. कारण चावी तिनं दिली होती. एकदा नव्हे, दोनदा! जुलैत डेनी ब्रॅशिअर दारात उभा राहिला होता, ‘खिडकीची जाळी फाटलीय, माश्या शिरतील, पर्डम परगावी आहे, दे लवकर.’ आणि जूनच्या पहिल्या शनिवारी क्लबला शिकवणाऱ्या मिस व्हीडा आल्या होत्या, क्लबचे मळके ॲप्रन धुवायला न्यायचे म्हणून, कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन.

खरं सांगावं तर जत्रा गेली. गप्प बसावं तर चोर ठरणार, आणि जत्रा तरीही गेली. हे म्हणजे दोन्हीकडून दार बंद.

“पोरीला जरा श्वास तरी घेऊ द्या, हॉलिस,” कोपऱ्यातल्या बाकावरून मिस व्हीडा गेंट्री म्हणाल्या. हातातल्या पुठ्ठ्याच्या पंख्यानं त्या वारा घेत होत्या. चाळीस वर्षं या तालुक्यातल्या पोरांना मांडी मुरवायला त्यांनीच शिकवलं. कॉर्लिसलाही.

“मला ती मांडी बघू द्या,” कॉर्लिस म्हणाली. “मग काय ते बोला.”

“चोराच्या हाती तपास!” ट्रेल हसला.

“तू तपास कर मग. हाडाजवळचा वास तरी ओळखता येतो का तुला?”

ट्रेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो टेबलापासून बाजूला झाला.

३

आधी वजन. वेडच्या वहीत जानेवारीचा आकडा होता चोवीस पौंड. मुरून सुकून एकोणीस-वीस भरायला हवी. काटा साडेसोळावर थांबला.

“ही यंदाची नाहीच,” कॉर्लिस म्हणाली. “दोन उन्हाळे घाम गाळलेली आहे. दाबून बघा, लाकडासारखी लागते.”

मग तिनं खुराकडचं टोक चाचपलं. हाड आणि शिरेच्या मधे बोट अडकलं. तिथं एक भोक होतं, चरबी आणि मिरीचा लगदा भरून बुजवलेलं.

“हे बघा. दोरी ओवायचं भोक. ही मांडी खूर वर करून, दोरीनं टांगलेली होती. आपण जाळीत टांगतो, आपल्याला भोक लागतच नाही. म्हणजे ही कुणाच्या तरी घरची आहे, जुन्या पद्धतीची.”

पर्डमनी हळूच डेनीकडे पाहिलं. डेनीच्या धुरीघरात अशाच दोरीनं मांड्या लटकतात, हे काही गुपित नव्हतं. आणि आपला पोरगा पहिला येणार म्हणून त्याची बढाई तर पेट्रोल पंपावर रोज चालायची.

“ए, माझ्याकडे काय बघतोस, हॉलिस?” डेनी उसळला. “मी माझ्याच पोराची मांडी बदलीन?”

“भारी मांडी ठेवून नंबर काढायला, का नाही?” ट्रेल म्हणाला. “जुलैत जाळी ठोकायला तुम्ही आला होता. मीच तर शिडी धरली होती.” बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली.

“जुलैत?” पर्डमचा आवाज चिरका झाला. “जुलैत मी गावात नव्हतो. मग कुलूप कुणी उघडलं?”

झालं! कॉर्लिसनं डोळे मिटून घेतले. पत्र्याखालची ती खोली तिला आणखीनच लहान वाटायला लागली. चार भिंती, सहा माणसं, आणि बाहेर पडायला एकही फट नाही.

“मी दिली होती चावी,” ती म्हणाली.

“कॉर्लिस!”

“दिली होती, मिस्टर पर्डम. माझं काय करायचं ते करा. पण डेनीकाकांनी हे केलेलं नाही. त्यांचा हॅम हिकरीच्या लाकडाच्या धुरात काळा पडलेला असतो, अर्ध्या मैलावरून वास येतो. हिला धूर लागलेलाच नाही.”

“बघा! आता मला वाचवायला ही पोरगी लागली,” डेनी पुटपुटला. पण त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि तो खाली बसला.

मिस व्हीडांचा पंखा मघापासून थांबला होता. कॉर्लिसचं तिकडे लक्ष गेलं, पण उकाड्यानं हात दुखला असेल असं वाटून तिनं ते सोडून दिलं.

४

उरला होता मांडीचा आतला भाग, हाडाच्या सांध्याजवळचा. कॉर्लिसनं कोमट पाण्यात फडकं भिजवून तिथली बुरशी पुसली आणि तिच्या अंगठ्याला पिवळट, धूळ बसलेला एक लहानसा टवका लागला. तिनं तो नखानं उचकटला. खाली सुईचं भोक होतं.

वर न बघता तिनं त्यावर अंगठा दाबून धरला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात दरवर्षी मांड्या टोचून बघतात. जाळी न उतरवता, कागदाला बारीक भोक पाडून लांब टोचणी हाडापर्यंत घालायची, बाहेर काढून झटकन हुंगायची. गोड वास आला तर मांडी चांगली, आंबूस आला तर आतून सडली. मग भोकावर चरबीचा टिकला लावायचा, माशी बसू नये म्हणून. यंदाही बाराच्या बारा मांड्या पर्डमच्या देखत टोचल्या होत्या.

म्हणजे ही परकी मांडी जूनच्या शेवटी आधीच इथं होती. डेनी आला जुलैत. ट्रेलनं शिडी धरली जुलैत. दोघंही सुटले. जूनच्या शेवटच्या आठवड्याआधी तिच्याकडून चावी नेली होती एकाच माणसानं. कमरेवर कपड्यांची टोपली घेऊन आलेल्या माणसानं.

‘त्या ॲप्रन न्यायला आल्या होत्या,’ तिनं स्वतःलाच दटावलं. ‘लाज वाटू दे.’

पण मन ऐकेना. चावीचं राहू दे बाजूला. टोचणी कुणाच्या हातात होती? ज्या बाईला वासावरून डुकराला मका घातला की भुईमूग ते कळतं, तिनं दोन वर्षं मुरलेल्या मांडीत टोचणी घातली, हुंगली, आणि तिला काहीच कळलं नाही? नव्या मांडीला जुन्याचा वास कसा, हे तिनं विचारलंही नाही? वहीत लिहून घ्यायला सांगितलं होतं, ‘नऊ नंबर, उत्तम.’

आणि कशासाठी? नंबर काढायचा असता तर कुणी स्वतःची मांडी बदलली असती. दुसऱ्याच्या पोराची मांडी काढून तिथं आपली चांगली मांडी कोण ठेवेल? ज्याला तिथली नासलेली मांडी लपवायची आहे तोच. वेडची मांडी नासली तर खाली मान कुणाला घालावी लागेल? वेडला. त्याच्या बापाला. आणि मिठाचं मिश्रण ज्यानं केलं त्याला.

जानेवारीत घंगाळात मिश्रण कालवत होत्या मिस व्हीडाच. चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नव्हता. वेडला सर्दी झाली होती म्हणून तो सगळ्यांत शेवटी आला, आणि घंगाळाच्या तळाशी उरलेल्या मिश्रणाची पिशवी त्याला मिळाली.

कॉर्लिसनं मान वर केली नाही. मान वर केली तर बाकाकडे बघावं लागलं असतं. पहिल्या वर्षी तिची मांडी सडली तेव्हा सगळे नाक दाबून पळाले होते. याच बाई तिच्याबरोबर खड्डा खणायला आल्या होत्या, आणि म्हणाल्या होत्या, “पुरून टाक आणि पुन्हा मीठ चोळ, रडतेस काय!”

“काय सापडलं गं?” पर्डमनी विचारलं.

“काही नाही,” कॉर्लिस म्हणाली.

“मग मला नाइलाजानं लिहावं लागेल, चावी सांभाळणाऱ्या मुलीच्या हातून मांडी बदलली गेली. तुझं नाव जाईल, बाकीची पोरं जत्रेला जातील.” त्यांनी पेन काढलं. त्यांचे डोळे ओले होते, पण कागद तो कागद.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“बघा, मी म्हटलं नव्हतं?” ट्रेल म्हणाला. पण या वेळी त्याच्या आवाजात जोर नव्हता.

५

‘लिहू दे,’ कॉर्लिसच्या मनात आलं. ‘नाहीतरी जत्रा गेलीच आहे. सत्तरीच्या बाईला भर सभेत उघडं पाडून मला काय मिळणार?’ ती जवळजवळ हो म्हणणार होती. तेवढ्यात तिला वेडचे मघाचे शब्द आठवले. डावी मार्चमध्ये घरी नेली. दोन्ही मांड्यांना मीठ एकाच पिशवीतलं.

“वेड,” तिनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, “तुझी घरची मांडी कुठंय रे?”

“घरीच.”

“टांगलेली?”

“छे!” डेनीनं उत्तर दिलं. “चुलीवर आहे. सकाळीच मोठ्या डब्यात उकळायला टाकली बायकोनं. उद्या आमचं सगळं कुटुंब जमतंय. साठ माणसं.”

“पण तुम्ही तर नाताळला कापता!” बाकावरून आवाज आला.

मिस व्हीडा उभ्या राहिल्या होत्या. पंखा खाली पडला होता आणि चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता.

“यंदा माझा भाऊ लष्करातून आलाय, म्हणून आत्ता,” डेनी म्हणाला. “का बरं?”

“काढ ती चुलीवरून! डेनी, कुणी तुकडा तोंडात घालायच्या आधी काढ ती! तिच्यात मीठ नाहीये. पुरेसं मीठ नाहीये तिच्यात!”

डेनीला क्षणभर काही उमगेना. मग तो आणि वेड दोघंही धडपडत सुटले, दार सताड उघडून, शेजारच्या चर्चमधल्या फोनकडे. माश्यांचा विचार कुणीच केला नाही.

मिस व्हीडा पुन्हा बाकावर बसल्या. “घरी गेल्यावर मिठाचं शेवटचं पोतं मला तसंच न फोडलेलं दिसलं,” त्या म्हणाल्या. “डोळे गेलेत माझे, हॉलिस. साखर घातली की मीठ, ते दिसलं नाही मला, आणि बोटांवर भरवसा ठेवला. सांगितलं असतं तर तुम्ही मला हाराबिरानं निरोप दिला असता. मग मी घरी बसून काय करणार होते, भिंती मोजणार? जूनच्या पहिल्या शनिवारी टोचून पाहिली, सडलेली होती. माझी जुनी होती टोपलीत, ती टांगली. ब्रॅशिअरांकडची नाताळच्या आत कसंही करून बदलणार होते मी, देवाशप्पथ.”

“आणि पोरीवर आळ आला तेव्हा?” पर्डमनी विचारलं.

त्यांनी खाली पडलेला पंखा उचलला. म्हणाल्या, “तेव्हाही गप्प बसले.”

उघड्या दारातून वाऱ्याची एक झुळूक आत आली. दहा मिनिटांनी वेड धापा टाकत परत आला. कुणी खाल्लं नव्हतं. आईनं डबा अंगणात ओतला होता, आणि हाडाजवळून असा भपकारा आला की कुत्राही लांब पळाला.

६

ट्रक दारात येऊन उभा राहिला. पर्डम कागद गुडघ्यावर घेऊन बसले होते. आता सगळं खरं लिहिता येत होतं. फक्त एक ओळ अडली होती.

“मिस व्हीडा,” ते म्हणाले, “जूनमध्ये चावी कुठून आणलीत?”

“तुमच्या पट्ट्याची काढली,” म्हाताऱ्या बाईनं ताबडतोब सांगितलं. “तुम्ही जेवत होता. लिहा तसं. जुलैचं ते जाळी ठोकणं कशाला लिहिता? माशीसाठीच तर होतं.”

पर्डमनी पेन धरलं आणि कॉर्लिसकडे पाहिलं. बघत राहिले. तिनं नुसती मान हलवायची होती. ट्रेल जमिनीकडे बघत होता.

कॉर्लिसला मान हलवावीशी वाटली. फार वाटली. ती तशीच आपल्या मांडीपाशी गेली, ती आकड्यावरून उतरवली आणि ट्रकऐवजी टेबलावर ठेवली.

“चावी माझी होती. दोन्ही वेळा,” ती म्हणाली. “लिहा.”

चार वाजता ट्रक उरलेल्या दहा मांड्या घेऊन निघून गेला. मागच्या फळीवर बसलेल्या ट्रेलनं हात वर केला. त्या दिवशी तो तिला अर्धी म्हणाला नाही.

हॅमघरात दोघीच उरल्या.

“मला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं होतंस,” मिस व्हीडा म्हणाल्या.

“विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असता. आणि मी ते खरं मानलं असतं.”

म्हाताऱ्या बाईनं मान खाली घातली.

कॉर्लिसनं भिंतीवरची करवत घेतली. जत्रेला जाणारी मांडी कधी कापत नाहीत. परीक्षक फक्त टोचून बघतात. तिनं मधोमध करवत चालवली, हाडापाशी जोर लावला, आणि मांडीचे दोन भाग टेबलावर उताणे झाले. आतलं मांस कडेपासून हाडापर्यंत एकसारखं गडद तांबडं होतं, कुठं डाग नाही, कुठं ओल नाही. खोलीभर वास पसरला.

मिस व्हीडा टेबलाशी आल्या. डोळे किलकिले करून त्यांनी बघितलं, मग बघणं सोडून दिलं आणि वाकून हुंगलं. बराच वेळ त्या तशाच राहिल्या.

“सांगू का?” त्यांनी विचारलं.

“आता खरंच सांगा.”

“पहिली आली असतीस गं. माझ्या चाळीस वर्षांत असा वास आला नाही.”

मग कॉर्लिस रडली. दुपारपासून धरून ठेवलेलं सगळं रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं, दोन्ही तुकडे स्वच्छ फडक्यात बांधले आणि एक मिस व्हीडांच्या हातात दिला.

“चला, धरा,” ती म्हणाली. “ब्रॅशिअरांकडे उद्या साठ माणसं जेवायला आहेत.”